पाठमोरी

१

रविवारी दुपारी चार वाजले की पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर एकच गडबड उडायची. गुरुदत्त खाली स्कूटर तिरकी करून किक मारतोय, नऊ वर्षांची सई पुढची उभं राहायची जागा अडवून तयार, आणि नीता अजून जिन्यातच. चावी कुणाकडे आहे यावर दर वेळी नवं भांडण. चावी तिच्याच पर्समध्ये निघायची आणि मग तिघं मार्गाला लागायची, ती थेट उरणच्या पुढे, बगळ्याच्या टोकावर.

बगळ्याचं टोक म्हणजे समुद्रात लांबवर घुसलेला काळ्या खडकांचा एक सुळका. वर गवत, खाली तीन बाजूंनी पाणी. तिथून सूर्यास्त असा काही दिसतो म्हणे, की बघणाऱ्यानं दुसऱ्या कुठल्या सूर्यास्ताचं नाव काढू नये. 'म्हणे' अशासाठी, की दोन वर्षं दर रविवारी तिथं जाऊनही नीतानं तो एकदाही पाहिला नव्हता. तिला अर्धशिशी होती. समोरून ऊन डोळ्यांवर आलं की डावं कपाळ ठणकायला लागायचं, ते रात्रभर. म्हणून ती एका सपाट खडकावर समुद्राकडे पाठ करून बसायची, आणि तिच्यासमोर, हाताच्या अंतरावर, नवरा आणि लेक समुद्राकडे तोंड करून.

गुरुदत्तला यावरून चेष्टा करायला फार आवडायचं. सगळं जग नाटकाला जातं ते रंगमंच बघायला, आमची बायको जाते प्रेक्षक बघायला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. सांगू दे बापडा. तळोज्याच्या केमिकल फॅक्टरीत तो शिफ्ट इन्चार्ज होता, आठवडाभर नाकात तोच आंबूस जळका वास घेऊन घरी यायचा, जेवताना शब्द बोलायचा नाही. टोकावर आला की मात्र तो छाती भरून श्वास घ्यायचा आणि लग्नाआधीच्या गुरुदत्तसारखा बडबड करायचा. तेवढ्यासाठी नीता दगडावर काय, काट्यांवरही बसली असती.

आणि खरं सांगायचं तर तिला प्रेक्षक बघायलाच आवडायचं. ती हायस्कूलमध्ये गणित शिकवायची, समोर ओळीनं चेहरे असले की तिला बरं वाटायचं. पंधरा-वीस माणसं तरी असायची तिथं. मुंबईहून गाडी करून आलेली, पनवेलची, काही जवळच्या कोळीवाड्यातली. सगळ्यांच्या तोंडावर हळूहळू सोनं चढायचं, मग तांबूस व्हायचं, मग कुणीतरी "गेला, गेला" म्हणायचं. चेहरे विझायचे आणि मंडळी पँट झटकत उठायची.

२

डिसेंबरातल्या एका रविवारी "गेला, गेला" झालं आणि चेहरे विझले नाहीत.

नीताच्या ते लगेच लक्षात आलं नाही. ती पर्समध्ये रुमाल शोधत होती, आणि आत काही दिसेना म्हणून तिनं मान वर केली. अंधारून आलं होतं. खडक काळे झाले होते, स्वतःच्या साडीचा रंग तिला ओळखू येत नव्हता. समोरची दोघं मात्र पिवळ्या उजेडात बसलेली होती. फक्त तोंडं. गळ्यापासून खाली अंधार, आणि वर दोन उजळलेली, शांत, किंचित हसरी तोंडं. त्यांच्यामागच्या लोकांचीही तशीच. कुणी हलत नव्हतं.

तिला भीती वाटली नाही, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. आधी तिला वाटलं, अगंबाई, किती सुंदर दिसतात ही. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर बोलणं आपोआप थांबतं, तसं तिला झालं.

मग तिच्यातली बाई जागी झाली, वर्गावरची. संधिप्रकाश असतो, ढगांवरून परतलेला उजेड असतो, पाण्यावरून येतो, सगळं आठवीच्या पुस्तकात आहे. उजेड समुद्राकडून येत असेल तर मधे आडवं काही धरलं की सावली पडायलाच हवी. तिनं हात लांब केला आणि पंजा सईच्या तोंडासमोर धरला. हाताची पाठ समुद्राकडे होती, तिच्यावर उजेडाचा कवडसाही नव्हता. आणि सईच्या तोंडावर सावली पडली नाही. नाक, गाल, पापण्या, सगळं तसंच लख्ख.

नीतानं हात मागे घेतला. वळून बघावं असं तिला फार वाटलं. मान अर्धी वळलीसुद्धा; पण कपाळात कळ येईल या सवयीच्या धाकानं ती थांबली. मिनिटभरानं तोंडं विझली, गुरुदत्तनं पँट झटकली आणि आज काय झकास होता म्हणाला. कधी मावळला, असं तिनं विचारलं. हा काय, आत्ताच, तो म्हणाला. तिच्या घड्याळात त्याला अकरा मिनिटं झाली होती.

३

टोकावर कृष्णाबाई नावाची कोळीण उकडलेल्या शेंगा विकायची. तिचा नवरा काशिराम सूर्य मावळेपर्यंत तिच्यासमोर जाळ्याची गाठ मारत बसलेला असायचा. पुढच्या रविवारी नीताच्या पहिल्यांदाच नजरेत भरलं, की कृष्णाबाईसुद्धा पाठमोरीच बसते. दोन वर्षं ती बाई तिथं होती, आणि नीताला वाटत होतं की गिऱ्हाइकं त्या बाजूला असतात म्हणून. आता बघते तर कोळीवाड्यातल्या प्रत्येक घरचं एक माणूस तसंच बसलेलं. कुठे सून, कुठे म्हातारा. आणि ती माणसं सारखी बोलत होती, समोरच्याला काहीबाही विचारत होती. कृष्णाबाई काशिरामला विचारत होती, की मिठाचा डबा कुठं ठेवला, बळीरामच्या घरनं कोयता आणला का, उद्या जावयाला काय रांधायचं. काशिराम पाण्यावरची नजर न काढता उत्तर देत होता. दर उत्तराला ती मान हलवायची आणि पुढचं विचारायची.

शेंगा घ्यायच्या निमित्तानं नीतानं तिला छेडलं. म्हणाली, मावशी, नवऱ्याला जरा गप्प बसून बघू द्या की.

कृष्णाबाई हसली नाही. शेंगांचा पुडा बांधता बांधता म्हणाली, "गप बसवायचा नसतो, बाय. बघनाऱ्याला बोलता ठेवायचा. तू बसतेस ती बरा करतेस, पन तुजी दोगा गप असतात."

का, असं नीतानं विचारलं. त्यावर बाईनं खांदे उडवले. आमच्यात तसाच हाय, म्हणाली, माजी सासू बसायची, तिची सासू बसायची. होडीत पन एक मानूस जमिनीकडं तोंड करून बसतो. आणि विचारायचं काय, तर कायपन, घरातलं. एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

नीता शिकलेली बाई. घरी जाताना तिनं हे गुरुदत्तला हसत हसत सांगितलं आणि दोघंही हसली. पण त्यानंतरच्या रविवारी सूर्य खाली आला आणि ती हळूच बोलायला लागली. गुरुदत्तला ती विजेचं बिल, गावाकडचं लग्न असलं काहीतरी विचारायची. सईला काय विचारणार? घरातलं तिला काय ठाऊक असतं? जानेवारीत चाचणी परीक्षा होती आणि पोरीचे पाढे कच्चे होते. तेव्हा तिनं सईला पाढे म्हणायला लावले. वेळ सत्कारणी लागला, असंही तिला वाटलं.

४

चाचणीच्या आदल्या रविवारी टोकावर वारा पडला होता. पाणी खडकांना लागत होतं, त्याचासुद्धा आवाज नव्हता. सई तेराचा पाढा म्हणत होती, खणखणीत, न अडखळता, आणि नीता मनातून सुखावली होती. "गेला, गेला" झालं. अंधार उतरला. तोंडं उजळलेलीच राहिली.

नीतानं गुरुदत्तला विचारलं, की उद्या दूधवाल्याला किती सांगायचं. तो काही बोलला नाही. तिनं पुन्हा विचारलं. त्याचे ओठ किंचित उघडले होते आणि तो अशा कौतुकानं पुढे बघत होता, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही त्यानं तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. तिला चक्क मत्सर वाटला. इतकं आहे तरी काय तिकडे?

ती पुढे झुकली आणि तिला त्याच्या चष्म्याच्या काचा दिसल्या.

काचांत उजेड होता. त्या उजेडात माणसं होती, उडदाच्या दाण्याएवढी. पाण्याच्या पलीकडे ओळीनं बसलेली, या बाजूला तोंड करून. कुणी हात हलवत नव्हतं, बोलवत नव्हतं. पाहुणे यायचे आहेत हे नक्की ठाऊक असलं की माणसं ओसरीवर कशी निवांत बसतात, तशी ती बसली होती. मधेमधे जागा सोडलेल्या होत्या.

मागच्या लोकांचं प्रतिबिंब, तिचं डोकं लगेच म्हणालं. पण लोक गुरुदत्तच्या मागे होते, आणि काचेत दिसतं ते समोरचं. समोर ती होती, आणि तिच्यामागे मोकळा समुद्र. चष्म्यात ती कुठेच नव्हती.

तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि एकामागून एक विचारत सुटली. डोळ्यांचे थेंब कुठे ठेवलेत, बाल्कनीच्या दोरीला काय वाळत आहे, कपाटाची कडी कशानं बसवली. शेजारी सईचा पाढा चालू होता आणि तो आवाज ऐकून तिला केवढा धीर होता! पोर बोलते आहे, पोर ठीक आहे, आता फक्त ह्यांना सांभाळायचं.

"अहो, थेंब कुठे आहेत?"

"फ्रीजच्या..." गुरुदत्त फार लांबून बोलल्यासारखा म्हणाला. "फ्रीजच्या दारात." आणि त्याचं तोंड विझलं. मग तो थंडी वाजून थरथरला आणि तिचे हात गच्च धरून बसला. काय पाहिलं ते त्याला सांगता येईना. फार चांगलं होतं, एवढंच तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

नीतानं त्याला उठवलं. सईला उठ म्हणाली, सई उठली. स्कूटरवर ती नेहमीसारखी पुढे उभी राहिली. जासई गाव येईपर्यंत ती तेराचाच पाढा म्हणत होती. दहापर्यंत जायची आणि श्वासही न घेता पुन्हा तेरा एके तेरा.

५

सई शहाण्यासारखी वागायला लागली. हाक मारली की यायची, ताट वाढलं की जेवायची, शाळेत जायची. सोमवारच्या चाचणीत तिला पाढ्यांत पैकीच्या पैकी पडले आणि वर्गशिक्षिकेनं शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवून कौतुक कळवलं. नाव, पत्ता, शुभं करोति, जे विचारा ते घडाघडा. गुरुदत्त म्हणाला, मोठी होतेय पोर. नीताही दोन दिवस तसंच म्हणत राहिली.

बुधवारी संध्याकाळी तिनं सहज विचारलं, सई, भेंडी करू की बटाटा? सई तिच्याकडे बघत राहिली. नजर प्रेमळ होती, पण तिच्यात उत्तर नव्हतं. नीतानं विचारलं, मैत्रिणीशी भांडलीस का, पाय दुखतोय का, तुला काय हवंय. ज्याचं उत्तर पाठ नव्हतं असं काहीही विचारलं की पोर नुसती बघायची, आणि थोड्या वेळानं तिची मान आपसूक पश्चिमेकडच्या भिंतीकडे वळायची.

ट्यूब लावायची राहिली होती. स्वयंपाकघर अंधारलं होतं, ओट्यावरची भांडी दिसेनाशी झाली होती. आणि सईचं तोंड दिसत होतं. फिकट, पिवळसर, अगदी गोड. नीता ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. आपलं मूल गेलं, ही एक. आणि दुसरी तिला लाज आणणारी, की असं सुंदर आपण जन्मात काही पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. पोरीला कशाचा अभ्यास फार देऊ नका, म्हणाले. गुरुदत्तनं त्या रात्री जेवण केलं नाही. म्हणाला, मीच नेत होतो तुम्हाला. सकाळी त्यानं फॅक्टरीत रजा टाकली. रविवारची वाट बघायचं त्राण दोघांतही नव्हतं.

६

गुरुवारी टोकावर चिटपाखरू नव्हतं. कृष्णाबाई आणि काशिराम तेवढे होते. कृष्णाबाईनं सईची हनुवटी धरून तोंड वर केलं, बराच वेळ बघितलं आणि नीताला म्हणाली, तू तर बसली हुतीस ना समोर? काय इचारत हुतीस पोरीला?

"पाढे," नीता म्हणाली.

कृष्णाबाईनं हनुवटी सोडली. "पाडं तर पोर झोपंतपन म्हनंल," ती म्हणाली, रागानं नाही, हळहळून. नीता खडकावर मटकन बसली. एवढी साधी गोष्ट आपल्यासारख्या मास्तरणीला कळू नये. पाठ असलेलं बोलायला माणूस जागेवर लागतोच कशाला?

मग बाईनं सांगितलं ते असं. तिकडे राहिलेल्या माणसाला हाक घालायची ती ज्यानं हा सूर्य कधी बघितला नाही त्यानंच, बघत आलेल्याची हाक तिकडे पोचत नाही. आज नीतानं समुद्राकडे तोंड करून बसायचं, पोर मांडीवर घ्यायची. नवऱ्यानं पाठमोरं बसून नीताचे हात धरायचे आणि विचारत राहायचं. तिनं तिकडे पोर शोधायची, आणि दिसली की घरातलं काहीतरी तिला विचारायचं, नवं, कधी न विचारलेलं. "आनि हा इचारंल त्याचा जवाब लगेच द्यायचा, बाय. थांबायचा नाय. मग देते, असा म्हनायचा नाय." एवढं बोलून कृष्णाबाई आपल्या माणसासमोर जाऊन बसली.

नीता वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा. ऊन सरळ डोळ्यांत आलं आणि डावं कपाळ फुटेल की काय असं झालं. मांडीवर सईचं शरीर हलकं, आज्ञाधारक. गुरुदत्तचे तळवे घामेजलेले होते. तो विचारत होता, की कुकरची शिट्टी कुठे आहे, मोठी बादली कुणी फोडली, नीता, माझा निळा शर्ट कुठे? ती पटापट सांगत होती. ओट्याखाली. तुम्हीच. इस्त्रीला.

सूर्य पाण्याला टेकला, अर्धा झाला, नखाएवढा राहिला. गेला.

आणि कपाळ दुखायचं थांबलं. समुद्र होता तसाच होता, फक्त त्याला आता पलीकडची बाजू होती, आणि ती जवळ होती. उजेड कुठून येत होता ते कळेना, येतच होता. दोन वर्षं आपण कशाकडे पाठ करून बसलो होतो, असं नीताला वाटलं. ओळीत माणसं बसली होती. त्यांच्याकडे नीट बघायचं तिनं टाळलं, कारण एकदोन चेहरे ओळखीचे निघतील असं तिला वाटलं. ती फक्त दोन वेण्या शोधत होती, लाल रिबिनींच्या. गुरुदत्त विचारत होता, भाजी कुठली आणायची. गवार, ती म्हणाली. त्याला आवाज चढवावा लागत होता.

वेण्या दिसल्या. शेवटून तिसऱ्या.

"सई," नीतानं हाक मारली, "घराचे पडदे बदलायचेत, कुठला रंग घेऊ गं?"

वेण्या हलल्या. पोर उभी राहिली, इकडे बघितलं, विचारात पडल्यासारखी मान तिरकी केली, खरोखर विचारात पडली. आणि नीताच्या मांडीवरचं शरीर एकाएकी जड झालं, उबदार झालं, कुशीत वळवळलं. "हिरवे," सई म्हणाली, झोपेतून उठल्याच्या घोगऱ्या आवाजात. मग म्हणाली, "आई, मला भूक लागलीय. आपण घरी कधी जायचं?"

गुरुदत्त रडायलाच लागला. नीता, ऐकलंस का, तो म्हणत होता, अगं बोलली, आपली सई बोलली. नीतानं ऐकलं होतं. आयुष्यात इतका आनंद तिला झाला नव्हता. पलीकडे, शेवटून तिसरी, ती जागा मोकळी झाली होती, आणि शेजारची दोन माणसं थोडी सरकून बसली होती, ऐसपैस बसता यावं म्हणून.

"आई, सांग ना, कधी जायचं?"

आत्ता, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर होता. म्हणते की, नीतानं मनाशी म्हटलं, घाई कसली आहे.